रागातलं ‘तू’

७ फेब्रुवारी

डॉक्टर,

नमस्कार. हे पत्र मी वाचनमंडळाची चिटणीस म्हणून लिहिते आहे. खासगी काही नाही. बाहेरगावी गेलेल्या सभासदाला पुढच्या पुस्तकाची माहिती कळवावी, असा नियम तुम्हीच करून घेतला होता. नियम करणारी व्यक्ती निघून गेली म्हणून नियम निघून जात नाही.

या वेळी प्रेमकथा वाचायची ठरली आहे. जुनी नाही, अगदी आजची. मुखपृष्ठावर एक छत्री आहे आणि छत्रीखाली दोन जोड्या पाय. वर काय चाललं आहे ते छत्रीमुळे दिसत नाही, आणि आत साडेतीनशे पानं तेच चाललं आहे. पुस्तकाचं नाव लांबलचक आणि हळवं आहे, म्हणून आम्ही त्याला ‘छत्री’च म्हणतो.

पुस्तक सुचवलं त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. तुम्ही जायच्या आधी काही महिने मंडळात आल्या त्याच. एका पत्रात दोन डॉक्टर नकोत, म्हणून यापुढे मी त्यांना दातवाली म्हणेन. वकीलसाहेब म्हणाले, “मला काहीही चालेल, मी नाहीतरी झोपतो.” ग्रंथपाल लाजले आणि त्यांनीही हात वर केला. मी विरोधात मत दिलं. मी एकटीच होते. पूर्वी अशा वेळी विरोधात दोन हात वर व्हायचे.

खिडकीजवळच्या तुमच्या खुर्चीत आता दातवाली बसते. ही जागा डॉक्टरांची आहे, असं मी सांगून पाहिलं. “हो ना, काय छान ऊन येतं इथे,” असं म्हणून तिनं पर्स मांडीवर घेतली.

आता दुसरी बाब. बुधवारी संध्याकाळी मी भाजी चिरत असताना वरच्या मजल्यावरून, म्हणजे तुमच्या घरातून, पावलं ऐकू आली. तुमचा डावा पाय किंचित घासत येतो, ते मला खालून ओळखू येतं. ही पावलं टाचांची होती. मी बॅटरी घेतली, खरीखुरी छत्री घेतली आणि वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दातवाली तुमच्या कुंड्यांना पाणी घालत होती.

“अगंबाई, मेट्रन! केवढ्यानं दचकवलंत!”

“चोर समजून आले होते.”

“चोर कुंड्यांना पाणी घालतो होय?”

“चावी कुणी दिली तुम्हाला?”

“डॉक्टरांनी. जायच्या आदल्या आठवड्यातच देऊन ठेवली होती.”

म्हणजे तुम्ही जाणार हे तिला आधी माहीत होतं. मला पेपरवाल्यानं सांगितलं. “वरच्या डॉक्टरांचा पेपर बंद झाला, तुमचा चालू ठेवायचा ना?” एवढंच त्यानं विचारलं होतं. तुम्ही सगळ्यांना गाडीत बसल्यावर मोबाइलवर संदेश पाठवलात असं नंतर कळलं. त्या गटातून मी केव्हाच बाहेर पडले आहे, कारण तिथे रोज सकाळी फुलं येतात, हे तुम्हाला ठाऊक होतं.

ही तक्रार नाही, नोंद आहे. दातवाली पाणी फार घालते. तुमच्या कुंड्यांमधली पानं पिवळी पडली आहेत.

— मेट्रन, चिटणीस


२१ फेब्रुवारी

डॉक्टर,

उत्तर आलं नाही. माहितीच्या पत्राला उत्तर यावंच असं नाही.

काल ‘छत्री’च्या पहिल्या भागावर चर्चा झाली. तुमच्या माहितीसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. नायिका लिफ्ट दुरुस्त करते. हे मला आवडलं. दिवसभर ग्रीसमध्ये हात घालून ती एकदाही हात धूत नाही, हे आवडलं नाही. नायक त्याच इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहतो आणि घरी बसून औषधांबरोबरच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करतो. त्यातल्या एका औषधाचा डोस लेखिकेनं दुप्पट लिहिला आहे. मी समासात पेन्सिलीनं बरोबर डोस लिहिला, तर वाचनालयाचं पुस्तक आहे म्हणून ग्रंथपाल कुरकुरले. प्रेमकथा वाचून माणूस मरायला नको, असं मी त्यांना सांगितलं.

वाद झाला तो या प्रश्नावर की दोघांचं प्रेम नक्की कुठल्या पानावर सुरू होतं. लिफ्ट बिघडलेली असते, दार उघडं असतं, आणि हा शहाणा खड्ड्यात वाकून बघायला जातो. तोवर ती त्याला अहो-जाहो करत असते. ती मागून त्याची कॉलर धरते, ओढते आणि ओरडते, “मरायचंय का तुला?” दातवालीच्या मते प्रेम तिथेच सुरू होतं.

“जीव घाबरला तेव्हा ‘तू’ निघालं तोंडातून,” ती म्हणाली. “आणि एकदा निघालं की परत ‘तुम्ही’ होता येत नाही.”

“हे प्रेम नव्हे, रागावणं आहे,” मी म्हटलं. “शिकाऊ नर्सेसना मी जन्मभर ‘तू’ म्हणत आले. ते काय प्रेमानं?”

वकीलसाहेब जागे झाले. “मेट्रन, त्या नर्सेसना कधी विचारलंत का?”

सगळे हसले. मीही हसले असते, पण तेवढ्यात दातवाली म्हणाली, “डॉक्टर पण त्या कॉलरच्या प्रसंगाबद्दल अगदी हेच म्हणाली, प्रेम तिथेच सुरू होतं.”

“कोण डॉक्टर?”

“आपली डॉक्टर हो. तिनंच तर हे पुस्तक सुचवलं मला.”

म्हणाली. म्हणाल्या नाही. मी बिस्किटांची ताटली उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवली. त्याची काही गरज नव्हती.

तेव्हा पुस्तक तुमचं होतं तर. मी तुमच्याच विरुद्ध हात वर केला होता.

डॉक्टर, मी भावुक बाई नाही. पण शब्दांचा हिशेब मला कळतो. आपण दोघी तीस वर्षं एकाच ऑपरेशन टेबलाशी उभ्या राहिलो. तुम्ही पेशंटच्या डोक्याशी, भूल द्यायला. मी सर्जनच्या उजव्या हाताला, हत्यारांशी. मास्कच्या वर तुमची भुवई हलली की मला कळायचं की रक्त मागवायचं आहे, की सर्जनचं आज घरी भांडण झालं आहे. तेव्हाही आपण एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणत होतो. निवृत्त झाल्यावर रोज फिरायला जाऊ लागलो, तेव्हाही. तुमच्या आईच्या शेवटच्या आजारपणात मी वर तुमच्याकडे झोपायला होते, तेव्हासुद्धा “मेट्रन, आता तुम्ही जरा आडव्या व्हा” असंच. मला त्यात कधी काही कमी वाटलं नाही. काही बायका हातात हात घालून फिरतात, काही फिरत नाहीत, तसं.

दातवालीची आणि तुमची ओळख अजून एका पावसाळ्याची नाही.

पुढची बैठक पंधरा दिवसांनी. तुमच्या कुंड्या मी खाली माझ्या गॅलरीत आणल्या आहेत. दातवालीला तसं सांगितलं आहे. विचारलेलं नाही.

— मेट्रन


७ मार्च

डॉक्टर,

काल तुम्ही बैठकीला हजर होतात, म्हणून खरं तर हे पत्र लिहायचं कारण नाही. तरी लिहिते, कारण तुम्हाला तिथून सगळं दिसलं नसेल.

दातवालीनं तिचा टॅबलेट आणला आणि साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. “सरप्राइज!” असं ओरडली. डब्यासमोर तुमचा चेहरा उगवला. तुम्ही केस कापले आहेत. दातवाली, ग्रंथपाल, वकीलसाहेब, कुणालाच त्याचं आश्चर्य वाटलं नाही. म्हणजे त्यांनी आधीच पाहिले होते.

तुमच्या मागे एक बाळ रडू लागलं, मग दुसरं. तुमच्या लेकीला जुळं झालं आहे हेही मला तेव्हाच कळलं. अभिनंदन. दोन्ही बाळांचं वजन विचारायचं होतं, पण तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “अगं, तू जरा तिरका कर ना तो, मला मेट्रन दिसत नाहीत.” अगं. तू. दातवालीनं टॅबलेट तिरका केला.

“मेट्रन, तुम्ही कशा आहात?”

“ठीक.”

“पुस्तक कसं वाटलं तुम्हाला?”

“डोस चुकला आहे.”

तुम्ही हसलात. तुमचं हसणं अर्ध्यात अडकलं आणि चेहरा तोंड उघडं ठेवून तसाच गोठला. दातवाली म्हणाली, “नेट गेलं वाटतं.” मी तो उघड्या तोंडाचा चेहरा बराच वेळ बघत बसले. दातवालीला त्यात दाढा दिसत असतील. मला वाटलं, आत्ता तुम्हाला ऐकू येत नाही, आत्ता विचारावं, न सांगता का गेलात. पण साखरेच्या डब्याला काय विचारणार?

तुम्ही परत आलात तेव्हा चर्चा शेवटच्या भागावर गेली होती. नायकाला दुसऱ्या शहरात काम मिळतं आणि तो नायिकेला न सांगता सामान बांधतो. ग्रंथपालांना ते फार काव्यमय वाटलं. मी म्हटलं, हा भित्रेपणा आहे. तुमच्याकडे बाळ रडत होतं, त्यामुळे ऐकलंत की नाही कोण जाणे.

नंतर दातवाली टॅबलेट घेऊन खिडकीशी गेली. मी कप धूत होते. मी चोरून ऐकत नव्हते. पाणी हळू सोडलं होतं एवढंच. ती म्हणत होती, “पुढच्या शनिवारी येतायत ते दोघं बघायला. तू नको गं काळजी करूस, मी आहे ना.”

तुमच्यापेक्षा ती वीस-बावीस वर्षांनी लहान आहे. आणि तीही तुम्हाला ‘तू’ म्हणते. मला वाटलं होतं, निदान ते एकाच बाजूनं असेल.

बघायला कोण येणार आहे, ते मी विचारलं नाही. विचारणार नाही.

— मेट्रन


१४ मार्च

डॉक्टर,

तू घर विकते आहेस.

आज सकाळी माझी घंटा वाजली. दारात एक नवरा-बायको. मजला चुकले होते. मी काही बोलायच्या आत ती बाई थेट माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, “ओटा जरा लहानच आहे नाही?” तिच्या नवऱ्यानं माझ्या भिंतीवर बोटानं टकटक करून पाहिलं. क्षणभर मला वाटलं, माझंच घर विकायला निघालंय आणि तेसुद्धा मला कुणी सांगितलेलं नाही. मग वरून टाचा वाजत खाली आल्या. “अहो, इकडे इकडे, वर आहे!” तुझी दातवाली. तिच्या हातात तुझी चावी.

तुला काय वाटलं, मी काय म्हणाले असते? जाऊ नकोस म्हणाले असते? मी आयुष्यात कुणाला जाऊ नकोस म्हटलेलं नाही. नवऱ्याला शेवटच्या दिवशी म्हटलं नाही, मुलगा परदेशी निघाला तेव्हा म्हटलं नाही. तुलाही म्हटलं नसतं. मग कशाला लपवलंस? साध्या माणसासारखं दार वाजवून सांगता येत नव्हतं तुला? एक जिना उतरायचा होता!

तिला चावी, तिला घर, तिला पुस्तक. मला काय? “मेट्रन, तुम्ही कशा आहात?” पेशंटच्या नातेवाइकाला विचारावं तसं विचारलंस मला, चार लोकांच्या देखत. हो, तिघंच होते आणि त्यात वकीलसाहेब झोपलेले, पण खुर्ची धरून चार!

तू हजारो माणसांना भूल दिलीस. एकालाही कधी कळ लागू दिली नाहीस, मी साक्षीला होते. मला मात्र जागेपणी कापलंस. लाज वाटायला हवी तुला.

हे पत्र मी परत वाचणार नाही. वाचलं तर पाठवायची नाही.


४ एप्रिल

डॉक्टर,

तुमचं पत्र मिळालं. पाच पानी. अक्षर अजूनही औषधाच्या चिठ्ठीसारखंच आहे, तरी वाचता आलं, कारण ते मला वाचता येतं.

एक गैरसमज झाला आहे, तो दुरुस्त करणं आवश्यक आहे. तुम्ही लिहिता:

“शेवटी एकदाची ‘तू’ म्हणालीस! मी लेकीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, आई, अगं हे भांडण आहे. मी म्हटलं, तुला नाही कळायचं, मेट्रन आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली आहे. इतकी वर्षं मी वाट बघत होते की तू म्हणशील मग मी म्हणेन. तू हेड, मी कशी आधी म्हणणार?”

पहिली गोष्ट, मी हेड होते ती नर्सेसची, तुमची नव्हे. डॉक्टर तुम्ही होतात, मी नर्स होते. आधी म्हणायचा अधिकार तुमचा होता. मी तुमच्यासाठी थांबले होते. म्हणजे थांबले होते असंही नाही, मला ते कधी सुचलंच नव्हतं, पण सुचलं असतं तर थांबले असते.

दुसरी गोष्ट. माझ्या पत्रातला ‘तू’ रागाचा होता. जवळिकीचा नव्हता. कुणी निर्जंतुक ट्रेला उघड्या हातानं शिवलं की मी ज्या आवाजात ‘तू’ म्हणायचे, तो. तुम्ही तो चुकीच्या खात्यात जमा केलात. कृपया नोंद घ्यावी.

हे एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं आणि पाकीट शोधत होते. तेवढ्यात दातवाली आली. चावी माझ्या टेबलावर ठेवली.

“डॉक्टरनं सांगितलंय, ही आता मेट्रनला द्यायची. आणि सामान बांधायचं ते मेट्रनच्या हाताखाली. मला कपाटं लावता येत नाहीत म्हणे.”

“नाहीच येत.”

“मला ठाऊक आहे तुम्हाला मी आवडत नाही.”

मी चावी उचलून खणात ठेवली. खोटं बोलायची सवय नाही.

ती उभीच होती. “तुम्हाला वाटतं ती माझ्याशी काय बोलते फोनवर? पहिला प्रश्न ठरलेला. मेट्रन आली होती का? बरी दिसत होती का? छत्रीला नावं ठेवली का तिनं? हे सगळं सांगून झालं की मग माझी विचारपूस.”

“आली होती का, असं म्हणते?”

“मग काय म्हणणार?”

“आल्या होत्या का.”

दातवाली माझ्याकडे बघत राहिली. दुखरा दात सापडल्यावर ती पेशंटकडे अशीच बघत असेल. “मी तरी तिच्या तोंडून तसं कधी ऐकलं नाही,” ती म्हणाली. “मी मंडळात पहिल्यांदा आले ना, तेव्हाच तिनं मला कानात सांगितलं होतं. ती बघ ती मेट्रन. तिच्या शेजारी बसू नकोस, चावते.”

“चावते?”

“मी म्हटलं, दातांचीच डॉक्टर आहे मी, बघते की.”

हसू आलं मला. आवरलं. ती गेल्यावर आलं परत.

म्हणजे माझ्या पाठीमागे मी एकेरीत होते. किती वर्षं? आपण फिरायला जायचो तेव्हा? टेबलाशी उभ्या होतो तेव्हाही? घरी जाऊन तुम्ही आईला काय सांगायचात, आज मेट्रन असं म्हणाल्या, की आज मेट्रन असं म्हणाली? मला हे कळायला हवं आहे. तुमच्या पाच पानांत हे कुठे नाही.

पाच पानांत जे आहे ते मी दोनदा वाचलं. “तिला सांगणं सोपं होतं, कारण तिला माझ्या जाण्यानं काही होणार नव्हतं. तुला सांगायचं तर तुझ्यासमोर उभं राहावं लागलं असतं. तू काही बोलली नसतीस. ‘बॅग दाखवा’ म्हणाली असतीस. सगळी बॅग रिकामी करून पुन्हा नीट भरून दिली असतीस, आणि ते बघून मी गेलेच नसते. आणि मला जायला हवं होतं.”

बॅग मी भरून दिली असती हे खरं. तुम्हाला बॅग भरता येत नाही.

घर विकू नका असं मी म्हणणार नाही. गुडघ्यांना तीन जिने झेपत नाहीत हे मला खालून ऐकू यायचंच. आणि दोन बाळं म्हणजे चार हात कमी पडतात. तेव्हा तुम्ही परत येणार नाही, हे मी समजले आहे. शेवटच्या ओळीत ‘तू इकडे ये’ असं लिहिलं आहे, त्याचं उत्तर सवडीनं देईन.

— मेट्रन


२५ एप्रिल

डॉक्टर,

तुझं घर रिकामं झालं.

त्याच नवरा-बायकोनं घेतलं. ओट्यावरून तिनं पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा मी तिला सांगितलं की या ओट्यावर एका डॉक्टरनं चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं केलेला आहे. खोटं आहे ते. तुला चार माणसांचाही जमत नव्हता. पण ती गप्प बसली.

सामान मी आणि दातवालीनं मिळून बांधलं. भांडी मी, पुस्तकं ती. तुझ्या पुस्तकांची एकेक प्रत उघडून ती वाचत बसायची आणि मी म्हणायचे, “अहो, हात चालवा.” तिला मी अजून अहो-जाहोच करते आणि करत राहणार आहे. कपाटं तिनं बऱ्यापैकी रिकामी केली. कपबशा तेवढ्या तिनं वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या, त्या सगळ्या सोडून मी परत गुंडाळल्या. तिनं ते पाहिलं आणि मला आणखी कागद आणून दिले. समज आहे तिला. म्हणूनच ती मला सहन होत नाही. निर्बुद्ध असती तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं.

काम संपल्यावर आम्ही दोघी रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून चहा प्यायलो. ती म्हणाली, “मला आई नाही हो. डॉक्टरशी बोललं की बरं वाटतं.” मी म्हटलं, “वाटत असेल.” याहून जास्त मला जमलं नाही. तिच्याशी रोज फोनवर बोलतेस त्यातला एक दिवस कमी कर, एवढी माझी मागणी आहे. रविवारचा. रविवारी मी फोन उचलेन.

‘छत्री’ची चर्चा संपली. शेवटी ती लिफ्टवाली त्याच्या नव्या शहरात जाते आणि त्याच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दोघं अडकतात. ग्रंथपालांच्या डोळ्यांत पाणी आलं. वकीलसाहेबांनी विचारलं, “लिफ्ट दुरुस्त करणारी आत, तर मग बाहेरून दुरुस्त कोण करणार?” माझं मत मी इतिवृत्तात लिहिलं आहे: पुस्तक वाचनीय, डोस धोकादायक.

आता तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर.

मी येते आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. तिकीट ग्रंथपालांनी काढून दिलं. बाळांना हात लावायच्या आधी हात कसे धुवायचे ते तुझ्या लेकीला आणि जावयाला मी दाखवणार आहे, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेव म्हणजे वाईट वाटणार नाही.

एक अडचण आहे. स्पष्ट सांगते. तुला पत्रात ‘तू’ लिहिणं जमतं आहे, हे तू बघतेसच. पण तोंडानं जमत नाही. रोज सकाळी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणून बघते. “डॉक्टर, तू चहा घेणार का?” नाही जमत. जीभ आपोआप ‘घेणार का तुम्ही’वर जाते. काल खालची बाई विचारत होती, कोणाशी बोलता हो? फक्त एकाच वेळी ते सरळ तोंडून येतं. तू न सांगता गेलीस ते आठवलं, की. ती चावी आठवली, की. तो टॅबलेट, ते ‘अगं, तू जरा तिरका कर’ आठवलं, की मग “तू गं तू!” असं इतकं खणखणीत येतं की भांडी वाजतात.

तेव्हा मी रागावलेलीच येणार आहे. फलाटावर तू समोर दिसलीस की मी आधी तुला झापणार आहे, लोकांच्या देखत. घाबरू नकोस आणि मध्ये बोलू नकोस. ते संपलं की सामान घे.

तोवर हा राग मला टिकवून ठेवायचा आहे. म्हणून कृपा कर, मधल्या काळात समजूत काढणारी पत्रं पाठवू नकोस.

— मेट्रन